दादा, बाण कुठाय?

गेल्या वर्षीची गोष्ट. फर्स्ट इयरच्या मुलांचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना दरवर्षी घोळ होतो, म्हणून आम्ही थर्ड इयरच्या चार-पाच जणांनी एक झकास माहितीपत्रक काढायचं ठरवलं. मजकूर लिहायचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात घातलं आणि स्क्रीनशॉटचं काम मी हौसेने मागून घेतलं. त्यात काय अवघड? प्रिंट स्क्रीन दाबायचा, वर्डमध्ये पेस्ट करायचं, वर एक लाल गोल काढायचा आणि खाली लिहायचं, ‘येथे क्लिक करा’. एका संध्याकाळी १४ पानं आणि २२ चित्रं तयार! सरांनी पाठ थोपटली, आम्ही कॉलेजच्या दारातल्या दुकानातून झेरॉक्स काढल्या आणि वर्गावर्गात वाटल्या. समाजसेवा झाली, आता सबमिशनला लागू म्हटलं.

आठवड्याभरात एक मुलगी लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात आमचंच पत्रक, घडी घालून घालून मऊ झालेलं. तिने ‘सेव्ह’च्या ऐवजी शेजारचं शेवटचं ‘सबमिट’ दाबलं होतं. उत्पन्नाच्या रकान्यात चुकीचा आकडा तसाच राहिला आणि अर्ज लॉक झाला. तो पुन्हा उघडून घ्यायला तिला ऑफिसच्या खेपा घालाव्या लागत होत्या. वडील दोनदा मजुरी बुडवून गावाहून आले होते. ती चिडली नव्हती, रडलीही नाही. तिने पान माझ्यापुढे धरलं आणि एवढंच विचारलं, “दादा, तुम्ही लिहिलंय येथे क्लिक करा. पण बाण कुठाय?”

मी पाहिलं आणि गार पडलो. माझा लाल गोल झेरॉक्समध्ये करडा झाला होता. साइटची निळी पट्टीही करडी, दोन्ही बटणंही करडी. आणि माऊसचा बाण? तो तर पूर्ण पत्रकात कुठेच नव्हता!

तिचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी उघडून मिळाला, हे आमचं नशीब. पण ‘बाण कुठाय’ हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. मित्रांनो, विषय फालतू वाटेल. ‘स्क्रीनशॉट कसा काढावा’ यावर काय लेख लिहायचा? पण आपण इंजिनिअर होणार म्हणजे दुसऱ्याने वापरायच्या वस्तू बनवणार, आणि ती वस्तू कशी वापरायची हे सांगता आलं नाही तर अर्धं काम आपण केलेलंच नाही, असं माझं मत झालं आहे.

आधी त्या हरवलेल्या बाणाचं बघू. विंडोजमध्ये प्रिंट स्क्रीन दाबल्यावर सगळं येतं, कर्सर येत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. का, ते कोणी विचारत नाही. कारण असं, की कर्सर हा बाकीच्या चित्राचा भाग नसतोच. माऊस दर क्षणी हलतो. प्रत्येक वेळी खालचं चित्र पुन्हा रंगवायला लागू नये म्हणून ग्राफिक्स कार्ड बाण वेगळा ठेवतं आणि मॉनिटरकडे चित्र पाठवताना वरून चढवतं. प्रिंट स्क्रीन उचलतो तो खालचा थर. म्हणजे काढणाऱ्याच्या डोळ्यांना बाण दिसत असतो आणि कागदावर तो उतरत नाही. समजावून सांगणाऱ्याची सगळी गंमत इथेच आहे बघा. आपल्याला दिसतं ते समोरच्यालाही दिसतंय, असं आपण धरून चालतो.

उपाय सोपे आहेत. लिनक्सवर केडीईच्या स्पेक्टॅकलमध्ये कर्सरसकट चित्र घ्यायचा पर्याय आहे. विंडोजसाठी ग्रीनशॉट नावाचं टूल आहे, तेही कर्सर पकडतं. मेनू उघडा ठेवून चित्र हवं असेल तर काही सेकंदांचा डिले देणारं टूल वापरावं, म्हणजे मेनू उघडून निवांत बाण जागेवर नेता येतो. नाहीतर कर्सरचं वेगळं चित्र घेऊन ते वरून चिकटवता येतं. मात्र चिकटवताना एक पथ्य. बाणाचं टोक बटणावर आलं पाहिजे, बाणाचं पोट नाही. कर्सरमधला एकच पिक्सेल खरा असतो, त्याला हॉटस्पॉट म्हणतात, आणि साध्या बाणात तो टोकाला असतो. डग्लस एंगलबर्टने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जगाला दाखवला, तेव्हाचा बाण सरळ वर तोंड करून होता. पुढे झेरॉक्स पार्कच्या १९७३च्या आल्टो कॉम्प्युटरवर तो डावीकडे कलला. १६ बाय १६ ठिपक्यांत एक कड उभी आणि एक कड तिरकी काढली की बाण स्वच्छ दिसतो, असं त्याचं कारण सांगतात. इतक्या विचाराने घडवलेली वस्तू आपण खुशाल दोन बटणांच्या मधोमध सोडून देतो!

आता दुसरी चूक. मी सगळे स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचे घेतले होते. खाली टास्कबार, कोपऱ्यात घड्याळ, वर उघडे सात टॅब. हिशोब करून बघा. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा १६ सेंटीमीटर रुंद कागदावर बसवला तर एका मिलिमीटरमध्ये १२ पिक्सेल येतात. विंडोजचा नेहमीचा बाण साधारण १२ पिक्सेल रुंद आणि १९ पिक्सेल उंच. म्हणजे कागदावर तो १ मिलिमीटर बाय दीड मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याएवढा. समजा मी बाण टाकला असता तरी दिसला कोणाला असता? त्याऐवजी कामापुरता ६४० पिक्सेलचा तुकडा कापून तेवढ्याच जागेत लावला असता, तर बाण तिप्पट झाला असता, बटणावरची अक्षरंही वाचता आली असती. अर्थात सगळी चित्रं तुकड्यांची केली तर ‘हा तुकडा पानावर नेमका कुठला?’ हे कळत नाही. म्हणून सुरुवातीला एकच पूर्ण पान दाखवावं आणि नंतर तुकडे.

तिसरी चूक जेपेगची. जेपेग १९९२ सालचं, फोटोंसाठी बनवलेलं. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील गाळतं. झाडाच्या फोटोत ते खपून जातं, पण अक्षरांच्या कडेला मळ साचल्यासारखं दिसतं. स्क्रीनशॉटमध्ये सपाट रंग आणि धारदार अक्षरं असतात, त्यांना पीएनजी हवं. १९९६पासून ते आहे आणि त्यात काही गाळलं जात नाही. मी काय केलं? चित्रं जेपेगमध्ये सेव्ह केली, मोबाईलवरून मित्राला पाठवली, तिथे ती आणखी दाबली गेली, आणि मग झेरॉक्स. तीन वेळा धुतलेला शर्ट!

आणि चौथी चूक सांगायला लाज वाटते. नमुना म्हणून मी स्वतःचाच भरलेला अर्ज दाखवला होता आणि मोबाईल नंबरावर वर्डमध्ये काळी पट्टी टाकली होती. फाइल ज्याच्याकडे गेली त्याने पट्टीला माऊसने बाजूला ओढलं, की नंबर हजर! काळी पट्टी टाकली म्हणजे खालचं पुसलं असं नसतं. चित्रातलेच पिक्सेल रंगवून टाकायला हवेत, किंवा मुळातच खोटा नमुना भरायला हवा.

इथे कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? नीट मराठीत लिहा की चार ओळी. चित्रं म्हणजे आळशी लोकांचं काम. आमचे एक सिनियर हेच म्हणतात. त्यांचं अर्धं खरं आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण जे स्क्रीनशॉट डकवतो ते बहुतेक पानं भरायला असतात. कितीतरी जर्नलांत फोल्डरच्या पाथमध्ये मागच्या बॅचच्या मुलाचं नाव आणि कोपऱ्यात मागच्या वर्षीची तारीख तशीच असते, आणि एक्स्टर्नलने बोट ठेवलं की आपण छताकडे बघतो. असल्या चित्रांना माझाही विरोध आहे.

पण चित्र काढूनच टाका, हे मला पटत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या व्हॅन डर माय आणि गेलेवाय या संशोधकांनी माहितीपुस्तिकांतल्या स्क्रीनशॉटचा अभ्यास करून त्यांची चार कामं सांगितली आहेत. एक, प्रोग्रॅमची रचना डोक्यात बसवणं. दोन, कागदावरून पडद्याकडे नजर केव्हा वळवायची ते सुचवणं. तीन, बटण किंवा रकाना ओळखून शोधायला मदत करणं. आणि चार, ‘मी बरोबर जागी आलोय ना?’ याची खात्री देणं. ही यादी वाचल्यावर मी माझी २२ चित्रं एकेक करून तपासली. १५ चित्रं यातलं कुठलंच काम करत नव्हती! ज्याने रोज कॉम्प्युटर वापरलाय त्याला तिसरं आणि चौथं काम क्षुल्लक वाटतं. पण जो पहिल्यांदाच नेट कॅफेत बसलाय, मागे रांग उभी आहे, अर्ज इंग्रजीत आहे, त्याला ‘बरोबर आलात, पुढे चला’ असं सांगणारं दुसरं कोणी नसतं.

म्हणून माझं मत असं, की चित्र आणि शब्द यांनी एकमेकांवर विसंबून झोपू नये. शब्द एकट्याने पुरले पाहिजेत. ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे करा’ हे वाक्य तर बंदच करायला हवं. ज्याला दिसत नाही असा विद्यार्थी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरून वाचत असेल, तर त्या वाक्यातून त्याला काय मिळणार? बटणाचं नाव जसं पडद्यावर आहे तसंच लिहावं. पडद्यावर ‘सेव्ह’ असेल तर पत्रकात ‘जतन करा’ लिहून मराठीचा अभिमान मिरवू नये, आणि पडद्यावर ‘जतन करा’ असेल तर उगाच ‘सेव्ह’ही लिहू नये. खुणेसाठी नुसता रंग वापरू नये. जाड बाण आणि आकडा असला की झेरॉक्समध्येही टिकतो. आणि पत्रकावर तारीख व आवृत्ती टाकावी. २००७च्या ऑफिसमध्ये जुने मेनू जाऊन रिबन आली, तेव्हा जुन्या आवृत्तीवरची किती पुस्तकं एका झटक्यात जुनी झाली असतील! चित्र शिळं झालं की ते चुकीच्या वाटेला लावतं. जेवढी चित्रं कमी, तेवढी बदलायला सोपी.

काही जण म्हणतील, आता व्हिडिओ आहेत, कागद कोण वाचतं? व्हिडिओत बाण हलताना दिसतो हे खरं. पण अर्ज भरताना तो दर दोन सेकंदांनी थांबवावा लागतो, एकच फोन असेल तर अर्ज आणि व्हिडिओ दोन्ही त्यातच बघायचे, आणि मागची पायरी शोधायला पुन्हा ओढाओढ. कागद कीबोर्डशेजारी गप पडून राहतो, बोट ठेवलं की तिथेच असतो. आणि फोनवरून अर्ज भरणाऱ्याला तर माऊसचा बाणही परका. त्याच्यासाठी फोनवरचीच वेगळी चित्रं हवीत. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो टॅप्स’ चालू केलं की बोट टेकलं तिथे ठिपका उमटतो, स्क्रीन रेकॉर्ड करताना तोच आपला बाण.

यंत्राकडून करून घ्यायचाही प्रयत्न झाला. २००९च्या विंडोज ७मध्ये ‘प्रॉब्लेम स्टेप्स रेकॉर्डर’ होता. आपण क्लिक करत जायचं, तो दर क्लिकला चित्र काढून पायरीचं वाक्यही लिहायचा. पुढे मायक्रोसॉफ्टने तो बाद करायचं जाहीर केलं. पण अशा टूलला कुठे क्लिक केलं ते कळतं, का केलं ते कळत नाही. ‘हे दाबल्यावर अर्ज पुन्हा उघडणार नाही’ ही ओळ माणसालाच लिहावी लागते. माझ्या पत्रकात तीच नव्हती.

यंदा आम्ही पत्रक नव्याने केलं. ५ पानं, ७ चित्रं. छापण्याआधी त्याच मुलीला बोलावलं, ती आता सेकंड इयरला आहे. तिला म्हटलं, तू पत्रक बघून अर्ज भर, मी एक शब्द बोलणार नाही. चौथ्या पायरीला ती थांबली, बाणाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिली. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. शेवटी तीच म्हणाली, “इथे आधी खाली स्क्रोल करायला सांगा ना, बटण दिसतच नाही.” २२ चित्रं काढताना माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, कारण लॅबचा मॉनिटर मोठा!

माझी सूचना साधी आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘युझर मॅन्युअल’ नावाचं एक प्रकरण असतं, जे आपण आदल्या रात्री भरतो. ते एखाद्या फर्स्ट इयरच्या विद्यार्थ्यासमोर ठेवावं आणि प्रोजेक्टवाल्यांनी दहा मिनिटं तोंड बंद ठेवून मागे उभं राहावं. तो जिथे अडेल तिथे मॅन्युअल दुरुस्त करावं आणि त्याला मार्क असावेत. आमच्या पत्रकात चौथ्या पायरीआधी ती स्क्रोलची ओळ आता आहे, आणि शेजारी जाड काळा बाण आहे. झेरॉक्स काढून बघितली. दिसतो.