पाकिटावर नसलेला आकडा

बेस गिटारीच्या तारांच्या पाकिटावर जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत छापलेली असते. .045, .065, .080, .100. लांबी मात्र बहुतेकदा एका शब्दात उरकलेली: ‘शॉर्ट’ नाहीतर ‘लाँग’. पोकळ अंगाच्या गिटारीवर तार बसणार की नाही, हे नेमके या उरकलेल्या शब्दावर अवलंबून असते.

होफ्नरची व्हायोलिनच्या आकाराची 500/1 घ्या. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतली, ती हीच जात. तिची स्केल 30 इंच, म्हणून दुकानदार शॉर्ट स्केलचा सेट काढून देतो. हिशेब सरळ दिसतो. पण स्केल मोजतात मानेच्या टोकाच्या नटपासून ब्रिजपर्यंत. फेंडर प्रिसिजनसारख्या भरीव गिटारीत तारेच्या टोकाचा बॉल ब्रिजलाच अडकतो; तिथे स्केल कळली की तार कळली. होफ्नरचा ब्रिज वरच्या फळीवर नुसता टेकलेला असतो आणि तार अडकते त्याच्या मागे, टेलपीसला. हे मधले इंच स्केलमध्ये कोणी धरतच नाही. टेलपीस आखूड की लांब, यावर ते बदलतातही. म्हणजे 30 इंची दोन गिटारींना एकच सेट चालेल, अशी खात्री नाही.

फ्लॅटवाऊंड तार जरा जवळून पाहा. पोलादी गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली, बोटाला गुळगुळीत. खुंटीकडे ती निमुळती होते आणि रंगीत रेशीम सुरू होते. हे रेशीम नटच्या पलीकडे, डोक्याच्या बाजूला राहिले पाहिजे. तार आखूड निघाली तर ते अलीकडे, वाजवायच्या भागात येते आणि ती तार नीट बोलत नाही. लांब निघाली तर जाड भागच खुंटीभोवती वळवावा लागतो. चपटी पट्टी असले वळण सोसत नाही, फाकते, उसवते. फोडलेले पाकीट तर दुकानदार परत घेत नाही.

तरीही चर्चा सगळी आवाजाची. निकेल की पोलाद? थॉमास्टिक, पिरॅमिड की ला बेला? साठच्या दशकातला तो दबका ठोका कोणत्या सेटमध्ये मिळेल? यावर अख्ख्या संध्याकाळी जातात, आणि मोजायची टेप कोणाच्याच खिशात नसते. ला बेलाचा ‘बीटल बेस’ नावाचा सेट आहे. गिऱ्हाईक त्या नावातला आवाज विकत घेते; कामाचे असते ते एवढेच, की तो या आकाराच्या गिटारीसाठी बेतलेला आहे.

ज्या जाडीवरून एवढा वाद, तीही एकटी फारसे सांगत नाही. तीच तार त्याच स्वराला लाँग स्केलच्या 34 ऐवजी 30 इंचांवर लावली, की ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो. एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या तारा फळीवर सारखाच भार टाकतील, असेही नाही.

मिरजेच्या कारागिराला हा घोळ ठाऊक नाही. तानपुऱ्याची तार वेटोळ्यातून सोडवायची, वाद्यावर धरायची, हवी तिथे तोडायची. पट्टी गुंडाळलेल्या तारेला ती मोकळीक नाही. रेशीम कुठे सुरू व्हायचे ते कारखान्यातच ठरून येते. मग ते कुठे ठरले, हे पाकिटावर नको? बॉलपासून रेशमापर्यंतचे अंतर काही उत्पादक माहितीपत्रकात देतात, म्हणजे मोजलेले असते. छापायला शाई कमी पडते असे दिसते.

तोवर गिऱ्हाइकाने स्वतः मोजावे. जुन्या तारा चढवलेल्या असतानाच टेलपीसच्या खाचेपासून नटपर्यंत टेप धरावी. ब्रिजच्या पायाशी पेन्सिलची बारीक खूण करावी, कारण त्याला जागेवर धरतो तो तारांचा दाबच. चारही एकदम उतरवल्या की ब्रिज हातात येतो. मग दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारावा: बॉलपासून रेशमापर्यंत किती? उत्तरादाखल जाडीचा आकडा ऐकू आला, तर पाकीट फोडू नये.