नासिरच्या इनामांचा हिशेब

नास या अमेरिकी रॅपरची गोष्ट आपल्या मोहल्ल्यांतली तरुण मुले सांगतात ती अशी. बिचाऱ्याचे नाव ग्रॅमीसाठी तेरा वेळा पुकारले गेले, तेराही वेळा तो रिकाम्या हाताने परतला, आणि अखेर १४ मार्च २०२१ रोजी ‘किंग्ज डिसीज’ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळून न्याय झाला. सब्रचे फळ गोड असते.

आम्हांला ही गोष्ट मान्य नाही. आकडे खरे आहेत. पण तेरा नामांकने म्हणजे तेरा वर्षांची वारी नव्हे, एकट्या २०१३ साली त्याची चार नामांकने होती. खरी चूक आकड्यांतही नाही, ती ‘न्याय झाला’ या दोन शब्दांत आहे. न्याय झाला म्हटले की न्यायालय मान्य केले. त्या न्यायालयाची सनद कुणी तपासली?

जरा मागे जाऊ या. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेला, आठवीनंतर शाळा सोडलेला हा मुलगा. १९ एप्रिल १९९४ रोजी त्याचा ‘इल्मॅटिक’ आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. जेमतेम चाळीस मिनिटांचा ऐवज. तुरुंगातल्या मित्राला लिहिलेली पत्रे, जिन्यांत उभी राहिलेली पोरे, खिडकीतून दिसणारी गल्ली, हे सगळे त्याने यमकावर यमक रचत, ओळीच्या पोटात ओळ घालत मांडले. ‘द सोर्स’ या हिपहॉपच्या मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले. ग्रॅमीने काय दिले? काहीच नाही. नामांकनसुद्धा नाही. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी टोनी बेनेट या बुजुर्ग गायकाला गेले. रॅप अल्बमसाठी वेगळा पुरस्कार तेव्हा नव्हताच, तो १९९६ च्या सोहळ्यापासून सुरू झाला. म्हणजे ज्या कामामुळे नास हा नास झाला, ते मोजायला या सराफाकडे वजनेच नव्हती. आणि सत्तावीस वर्षांनी त्याने दुसराच दागिना तोलून दिला, तर आम्ही टाळ्या पिटायच्या!

त्याच २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘इल्मॅटिक’ जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतला. आपली मुले हे सांगत नाहीत. त्या यादीला सोनेरी ग्रामोफोन नसतो, लाल गालिचाही नसतो.

वेगळ्या पुरस्काराचेही एक राजकारण असते. १९८९ साली ग्रॅमीने रॅपसाठी पहिल्यांदा इनाम ठेवले आणि ते दूरदर्शनवरच्या सोहळ्यात न दाखवता आधीच उरकायचे ठरवले. दावत दिली, पण पान ओसरीवर मांडले. ज्यांना ते मिळाले, त्या डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स या जोडीने सोहळ्यावरच बहिष्कार टाकला. सॉल्ट-एन-पेपा आणि एलएल कूल जे हेही गेले नाहीत. आम्हांला त्या तेरा नामांकनांपेक्षा ही गैरहजेरी मोलाची वाटते. पुढे रॅपची खोली मोठी झाली, तिच्यात बक्षिसे वाढली, पण दिवाणखान्याचे दार किलकिलेच राहिले. २०२१ पर्यंत वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान हिपहॉपमधून फक्त दोघांना मिळाला होता, १९९९ साली लॉरिन हिलला आणि २००४ साली आउटकास्टला. लेखकाच्या नावाआधी विशेषण लावून त्याला वेगळ्या परिसंवादात बसवणे आपल्यालाही ठाऊक आहे. तेव्हा अधिक काय सांगावे?

दुसरी एक खोड. नासचे पूर्ण नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स, म्हणून काहीजण त्याला आपल्या खात्यात जमा करून टाकतात. नाव अरबी आहे हे खरे. वडील ओलू दारा हे मिसिसिपीकडचे जॅझवादक, त्यांनी स्वतः योरुबा नाव घेतले होते. आफ्रिकेशी तुटलेले नाते नावांतून जोडण्याचा तो काळ होता. त्यावरून कुणी घाईघाईने कलमा पढवू नये. (‘इल्मॅटिक’मधले एक गाणे बांधणारा क्यू-टिप मात्र पुढे खरोखर मुसलमान झाला. पण त्यामुळे ते गाणे आधीपेक्षा चांगले झाले नाही.)

नासचे आपल्याशी नाते आहे ते वेगळेच, आणि ते मुंबईतून जाते. झोया अख्तर यांच्या २०१९ च्या ‘गली बॉय’चा तो कार्यकारी निर्माता होता. त्याच वर्षी त्याच्या ‘मास अपील’ कंपनीची भारतातली शाखा निघाली आणि डिव्हाइनला तिने आपला पहिला कलावंत म्हणून घेतले. चित्रपटाला २०२० साली तेरा फिल्मफेअर मिळाली. पुन्हा तेराच! गीतलेखनाचे डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना मिळाले, ते रास्तच होते. पण चित्रपटाचे बीज ज्यांच्या आयुष्यातून आले त्यांतला दुसरा, कुर्ल्याचा नावेद शेख म्हणजे नेझी. त्याने २०१४ साली आयपॅडवर चित्रित केलेल्या ‘आफत’ला कुठल्या समितीने तोलले होते? आधी गाणे आले, चित्रपट पाच वर्षांनी आणि बाहुल्या त्याच्याही नंतर. हा क्रम ध्यानात ठेवला तर इनामाची जागा आपोआप कळते.

आणि आपण, काफिया-रदीफचे जाणकार म्हणवणारे, काय करत होतो? ‘हा गोंगाट आहे, शायरी नव्हे’ म्हणत होतो. मग पडद्यावर मुराद अहमद दिसला, बक्षिसांची बातमी आली, आणि त्याच तोंडांनी ‘आपली पोरे’ म्हणू लागलो. परक्यांच्या समितीने शिक्का मारेपर्यंत आपल्या कानांना ऐकू येऊ नये, याला काय म्हणावे? ग्रॅमीला नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला नंतर. तिने निदान स्वतःच्या अज्ञानावर शिक्के तरी स्वतःचेच मारले.

येत्या हिवाळ्यात मुशायरे होतील. गझला संपल्यावर अर्धा तास कुर्ल्या-मुंब्र्याच्या या पोरांना द्यावा. शाल नको, हार नको, अध्यक्षीय समारोपात उल्लेख नको. माइक द्यावा, खाली बसून ऐकावे, आणि मिसरा जिथे लंगडेल तिथे तोंडावर सांगावे. सत्काराचा ठराव कुणाला मांडायचाच असेल तर तो पुढल्या साली.