मालक एकजूट आहेत, आपण कधी होणार?

पांढुर्णा-सौंसरच्या कामगार बंधू-भगिनींनो,

मध्यप्रदेशात किमान वेतनाचे दर 2014 मध्ये सुधारले गेले. 1948 च्या कायद्याप्रमाणे ते पाच वर्षांच्या आत पुन्हा सुधारायला हवे होते. आपल्याला 1 एप्रिल 2024 पर्यंत थांबावे लागले. वाढ लागू झाली आणि लगेच कारखानदारांच्या संघटना उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेल्या. मे महिन्यात वाढीला स्थगिती मिळाली, ती डिसेंबरमध्ये उठली. त्या खटल्यात मजुरांची बाजू घेऊन उतरली ती सीटू ही कामगार संघटना. बोरगावच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या एकट्या माणसाला इंदूरला वकील लावणे परवडले असते का? कारखानदार कधी एकटा जात नाही. त्याची असोसिएशन असते, तिची वर्गणी तो वेळेवर भरतो, आणि त्याला कोणी भांडखोर म्हणत नाही. मजुराने तेच केले की त्याला नेतागिरी म्हणतात!

कायदा आहे, मग युनियन कशाला, असे विचारणारे भले लोक आहेत. कायदा आहेच. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, पीएफमध्ये मालकाचाही वाटा आहे, पाच वर्षे सलग नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती चुकवण्याची जबाबदारी कारखान्याच्या मूळ मालकावर येते, ही गोष्ट ठेक्यावरच्या किती जणांना कोणी सांगितली? पण हक्क मागायला अर्ज लिहावा लागतो, श्रम कार्यालयाच्या चकरा माराव्या लागतात, आणि प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी जाते. युनियनचा सभासद ही चक्कर एकटा मारत नाही. अर्जावर त्याच्या एकट्याचे नाव नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी गेटवर अडवायला नेमका माणूसही सापडत नाही. कामावरून काढतील ही भीती खरी आहे. पण काढले जाते ते एकट्याला, सगळ्या खात्याला काढून मशीन चालत नाही.

युनियनविरुद्ध मुंबईचा दाखला हमखास दिला जातो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि हरले, हे खरे आहे. पण संप हे युनियनचे शेवटचे हत्यार, रोजचे काम नव्हे. त्याच मुंबईत कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केले आणि 1969 चा माथाडी कायदा मिळवला. नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी मंडळात जमा होते, पीएफही तिथेच. तो कायदा महाराष्ट्रापुरता आहे. नागपूरच्या वाटेवर सीमा येते तिथे तो संपतो, आणि संत्र्याच्या गाड्या भरणारे आपले हमाल अलीकडे राहतात.

पुढारी पैसे खातात, हा आक्षेप मी झटकणार नाही. पण नोंदणीकृत युनियनला दरवर्षी निबंधकाकडे हिशेब द्यावा लागतो आणि सभासदाला वह्या तपासण्याचा हक्क आहे. तो वापरा. नोंदणीच्या अर्जाला सात जणांच्या सह्या लागतात. सभासद मात्र एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तितके हवेत. पगाराची पर्ची आणि पीएफचे पासबुक घेऊन या आठवड्यात खात्यातल्या सहा जणांबरोबर बसा. ठेक्यावरच्यांनाही बोलवा.