गाडी जुनी, कुटुंब मोठे

गणपतीला गावी जायचे म्हणजे आठ माणसे आणि टपावर बोचकी! म्हणून लालबाग-परळची घरे आजही जुनी सुमो किंवा क्वालिस शोधतात. जरूर शोधा, पण रंगाला भुलू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. क्वालिस २००५ मध्येच बंद झाली, म्हणजे प्रत्येक क्वालिस ही मुदत ओलांडलेली. आरसी बुकावर कर्जाचा बोजा नाही ना, चासी नंबर जुळतो का, ते पाहा. मग सगळ्यांना बसवून पुलाचा चढ चढवा. क्लच तिथेच खरे बोलतो. आणि मागच्या आडव्या बाकावर आधी स्वतः बसा. तिथे पट्टा नसेल, तर नातवंडांना बसवणार कुठे? अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच.