पिशवी न घेता बाहेर पडा



आपण बायका घराबाहेर पडतो त्या बहुधा हातात पिशवी घेऊन. भाजी, दळण, मुलांची शाळा, बँक, नाहीतर कुणाकडचं हळदीकुंकू. काहीतरी काम हवंच. नुसतंच "जरा फिरून येते" म्हणत चपला पायात सरकवल्या, की घरातले चारही चेहरे वर होतात. "कुठे? कशाला? कुणाबरोबर?" पुरुषमाणूस मात्र जेवण झाल्यावर "आलोच पाय मोकळे करून" म्हणतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. हे मी रागाने लिहीत नाही. घरोघरची गोष्ट आहे, एवढंच.

पण आठवड्यातून एखादा तास बिनकामाचं भटकणं आपल्याला हवं, असं मला मनापासून वाटतं. तब्येतीसाठी हवं हे डॉक्टर सांगतीलच. माझं कारण वेगळं आहे. आपल्या गावाभोवती काय काय आहे ते पायी हिंडणाऱ्यालाच दिसतं. आणि जे कुणी पाहिलेलंच नाही, ते नाहीसं झालं तरी कुणाला कळत नाही.

मोठमोठे शोधसुद्धा असेच लागलेले आहेत. अजिंठ्याचंच घ्या. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात हिंडत होता. वाघाच्या मागावर असताना त्याला दिसली कोरीव लेणी! आसपासच्या लोकांना ती जागा ठाऊक होतीच, पण बाहेरच्या जगाला ती कळली त्या दिवसापासून. साहेबांनी दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीखही कोरून ठेवली. जुन्या वास्तूंवर नावं कोरायची खोड काही आजकालच्या मुलांचीच नव्हे, बरं का!

दुसरी गोष्ट आपल्या एका मराठी माणसाची. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ साली ते आगगाडीने भोपाळकडे चालले होते. खिडकीतून त्यांना लांबच्या टेकडीवर खडकांचे विचित्र आकार दिसले. मग तिथे ते पायी गेले आणि भीमबेटकाची आदिमानवाची चित्रं उजेडात आली. २००३ साली ती जागा जागतिक वारसा ठरली. त्या डब्यातल्या बाकीच्या प्रवाशांनाही तेच खडक दिसले असणार. पण तिकडे वाट वाकडी करून गेला तो एकच.

मी राहते रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्याकडे गावाबाहेर पडलं की जांभ्या दगडाचे मैलोन्‌मैल पसरलेले सडे लागतात. उन्हाळ्यात तिथे पाहण्यासारखं काही नाही असंच सगळे समजत. पण सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सडे वर्षानुवर्षं पायी पालथे घातले, गावोगावच्या लोकांना विचारलं, आणि जमिनीवरच कोरलेली शेकडो चित्रं जगापुढे आणली. त्यांना कातळशिल्पं म्हणतात. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती साधारण साठ फूट लांब आहे, म्हणजे आपल्या दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडाहून मोठा! त्याच्या अंगाच्या आत आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. काही ठिकाणी तर गेंडासुद्धा आहे. आज कोकणात गेंडा कुठला? पण कोरणाऱ्याने तो पाहिलेला असणार, असं अभ्यासक म्हणतात. २०२२ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या अशा नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या.

आमच्या शाळेतल्या आम्ही चौघीजणी भाद्रपदात असंच सड्यावर फिरायला जायचं ठरवत होतो. माझं फोनवरचं बोलणं घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "त्यात काय वैनी, आमच्या वाडीवर पण हाय की. गुरं घेऊन जायचो तेव्हा त्या माशावर बसून भाकरी खायचो. आजी सांगायची, पांडवांनी एका रात्रीत काढलानी."

मग काय, मावशींनाच पुढे घातलं. चांगली अर्धा तास चाल. त्यांनी एका जागी वाळलेलं गवत हाताने बाजूला केलं आणि म्हणाल्या, "हा बघा." सपाट रुंद अंग, लांब शेपटी. मासळीबाजारात जाणारी कुणीही बाई सांगेल, हा पाकट! आम्हा चौघींपैकी एक बी.ए., दोन एम.ए. आणि एक ड्रॉइंगची बाई. पण ते चित्र पन्नास वर्षं ज्यांच्या ओळखीचं होतं त्या मावशी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून सांगते, "नवीन शोध" पुष्कळदा आपल्या घरात धुणीभांडी करणाऱ्या, गुरं राखणाऱ्या, लाकडं आणणाऱ्या बाईला जुनाच असतो. फिरण्याआधी तिच्याशी चार गोष्टी बोला.

त्याच सड्यावर पावसाळ्यात दुसरी नवलाई असते. पाणी झिरपणाऱ्या पातळ मातीवर निळ्याजांभळ्या चिमुकल्या फुलांचे ताटवे पसरतात. त्यांचं नाव सीतेची आसवं. नाव इतकं हळवं, पण झाड मात्र पक्कं मांसाहारी! त्याला बारीक बारीक फुगे असतात. जवळून जाणारा सूक्ष्म पाणकिडा त्या फुग्यात क्षणात ओढला जातो आणि तिथेच पचतो. खडकावरच्या मातीत खत ते कुठलं? म्हणून झाडाने ही सोय केलेली. मुलांना हे दाखवा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

देशावरच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे सडा नाही. नसू दे. गावाच्या जुन्या देवळामागे, पाराजवळ, वेशीपाशी एखादा कोरीव दगड आडवा पडलेला असतो. नीट पाहा. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि अगदी वर चंद्रसूर्य. हा वीरगळ. गुरं सोडवताना, गाव राखताना कामी आलेल्या माणसाची आठवण. दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात असेल तर ती सतीची शिळा. ती चाल गेली हे फार बरं झालं. पण जिच्यासाठी तो दगड उभा केला तिचं नाव आज बहुधा कुणालाच ठाऊक नसतं. आणि कित्येक गावांत त्याच दगडावर कपडे आपटले जातात! निदान तो उचलून कडेला उभा करायला गावाला सांगणं तरी आपल्या हातात आहे.

आणि वर झाडांकडेही पाहात जा. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर खात्रीने कुणी पाहिलंच नव्हतं. ते संपलं असंच लोक धरून चालले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्या शहाद्याजवळच्या रानात ते अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञांना दिसलं. दिवसाउजेडी, फांदीवर बसलेलं! पुढे २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही ते आढळलं.

आता घाई कशाला, हे सांगते. सड्याचा जांभा कापून चिरे काढतात. आपली घरं त्याच चिऱ्यांची आहेत, तेव्हा चिरेखाणीला नुसती नावं ठेवून भागणार नाही. पण खाण सुरू होण्याआधी तिथे चित्र आहे हे कुणी सांगितलं, तर ते वाचू शकतं. नंतर सांगून उपयोग नाही. दगड एकदा कापला की ती रेघ पुन्हा जुळत नाही.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा:

१. दोघी-तिघी मिळून जा, आणि कुठल्या बाजूला जातो ते घरी सांगा. वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यानंतरची. तिरप्या उन्हात कोरलेल्या रेघांची सावली पडते, त्यामुळे भर दुपारी न दिसणारं चित्र तेव्हा दिसतं.

२. पायांत बंद बूट घाला. साडी नेसून गेलात तर ती घोट्याच्या वर खोचा. आमच्याकडे फुरशाची भीती असते, म्हणून दगडाखाली, कपारीत हात घालू नका.

३. लहानशी वही ठेवा. तारीख, जागा, वाटेतली खूण आणि काय दिसलं ते लिहा. मोठ्या चित्राचा फोटो घेताना शेजारी फूटपट्टी किंवा छत्री ठेवली की आकाराचा अंदाज येतो.

४. चित्र उठून दिसावं म्हणून खडूने गिरवू नका. शेंदूर, तेल, चुना काहीही लावू नका. फुलं तोडू नका. घुबडाचं किंवा कुठल्याही पक्ष्याचं घरटं दिसलं तर जवळ जाऊ नका आणि जागा गावभर सांगू नका.

५. कोरीव दगड किंवा कातळशिल्प सापडलं तर मात्र जरूर सांगा. ग्रामपंचायतीला, जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला. तोंडी नको, दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

राहिला प्रश्न घरच्यांचा. आमच्याकडे "कशाला जातेस?" हे विचारणं अजून पुरतं थांबलेलं नाही. पण आता सासूबाई रविवारी संध्याकाळी विचारतात, "आज काय दिसलं गं?" आणि त्यांच्या माहेरच्या टेकडीवरच्या एका दगडाची हकीकत सांगतात. पुढच्या सुट्टीत तो दगड पाहायला आम्ही दोघी जाणार आहोत. ह्यांच्या जेवणाची सोय हेच बघतील म्हणतात!

तुम्हीही या आठवड्यात एक तास काढा. पिशवी घरीच ठेवा. आणि काही दिसलं तर मला पत्राने कळवा. तुमची पत्रं मी वाट पाहून वाचते.