हिप-हॉपचें पितृत्व

हिप-हॉप म्हणजे नभोवाणीनें आणि जाहिरातदारांनीं तरुणांच्या माथीं मारलेलें एक खूळ आहे, असें आमच्या सुशिक्षित घरांतून नित्य ऐकूं येतें. बोलणाराचा आविर्भाव असा, कीं जणूं याविषयीं वाद संभवतच नाहीं. वस्तुतः या मताला इतिहासाचा काडीइतकाही आधार नाहीं.

11 ऑगस्ट 1973 रोजीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतींत, सिंडी कँपबेल या मुलीनें शाळेसाठीं नवे कपडे घेण्यास पैसे जमावे म्हणून नाचाची मैफल भरविली. तबकड्या लावावयास तिचा भाऊ क्लाइव्ह होता; तोच कूल हर्क या नांवानें प्रसिद्धीस आला. गाण्यांतला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा आला कीं नाचणारांस चेव येतो, हें त्यानें हेरलें, आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा हवा तितका लांबविण्याची युक्ति काढली. यांत नभोवाणी कोठें आहे? शुगरहिल गँगची ‘रॅपर्स डिलाइट’ ही गाजलेली तबकडी निघाली 1979 सालीं. मधलीं सहा वर्षें ही कला बागांतून, तळघरांतून आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर वाढली.

नभोवाणीचें दारही तिला कोणीं मानानें उघडलें नाहीं. मिस्टर मॅजिक या निवेदकानें डब्ल्यूएचबीआय या लहानशा केंद्रावर पैसे मोजून वेळ विकत घेतला. डब्ल्यूबीएलएससारख्या मोठ्या केंद्रानें त्याला जागा दिली ती 1982 सालीं. लाँग आयलंडवरील अडेल्फी विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू या केंद्रावर चक डी, बिल स्टेफनी वगैरे मंडळी जमली आणि त्यांतूनच ‘पब्लिक एनिमी’ उभी राहिली. ज्या वयांत आमचे विद्यार्थी माझीं टिपणें पाठ करीत असतात, त्या वयांत! (हा दोष त्यांचा नव्हे, टिपणें देणाराचा.)

कित्येक गाण्यांत बीभत्सता आहे, स्त्रियांची विटंबना आहे, हें मी नाकारीत नाहीं. मोठ्या कंपन्यांनीं पुढें त्याचा बाजार मांडला, हेंही खरें. परंतु बाजार मांडणाराला जनक ठरविणें म्हणजे सावकारालाच शेतकरी म्हणण्यासारखें आहे.

आमच्या सरकारनें 2002 पासून शिक्षणसंस्थांस स्वतःचें नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा दिली आहे. त्यावर काय लागावें, हें ठरविणारे बहुधा आम्हीच प्रौढ प्राध्यापक. तेव्हां हिप-हॉपला नांवें ठेवणाऱ्या माझ्या समानधर्मीयांनीं एवढेंच सांगावें, कीं आठवड्यांतला एक तास, आधीं कांहीं न तपासतां, विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावयास त्यांची तयारी आहे काय?