अंदाजपत्रकात न बसलेली कलमे

बँकेत असताना कर्जाच्या पाहणीसाठी मावळात जावे लागे. लोकलने कान्हे स्टेशनवर उतरायचे आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचे. एकदा कोंबड्यांच्या शेडचे प्रकरण आले. पत्रे किती, विटा किती, पिंजरे किती, सगळे चोख लिहिलेले. मी खूश होऊन शिफारस केली. शेड उभी राहिली आणि मग कळले की वीज आणायला पाच खांब लागणार आहेत, अन् ते कागदावर कुठेच नाहीत. "साहेब, तुम्ही विचारलंच नाही," शेतकरी म्हणाला. खरेच होते. वाढीव कर्ज मंजूर होईपर्यंत शेड रिकामी राहिली. हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले.

पुढे मोठमोठ्या कामांच्या बातम्या वाचताना मला ते खांब आठवत राहिले. १९८३ साली मंजूर झालेला विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प ३७२ कोटींचा होता. सुधारित प्रशासकीय मान्यता घेत घेत तो १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. सरकारी कचेऱ्यांत या मान्यतेला लाडाने 'सुप्रमा' म्हणतात! महागाई, भूसंपादन, वाढलेली कामे अशी कारणे प्रत्येक वेळी असतात, आणि ती खोटी असतातच असे नाही. पण मूळ आकडा मंजुरी मिळावी म्हणून लहान ठेवला होता का, हे विचारायला तोवर कुणी उरलेले नसते.

खर्च आवाक्यात ठेवल्याचे उदाहरणही मावळातलेच आहे. द्रुतगती मार्गासाठी खासगी निविदा सुमारे ३,६०० कोटींची आली होती. ती नाकारून राज्य रस्ते विकास महामंडळाने तो रस्ता साधारण १,६३० कोटींत बांधला. २००२ साली तो पूर्ण खुला झाला, आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण बोरघाटातला एक तुकडा जुन्या महामार्गाशी सामायिकच राहिला. दोन रस्त्यांची वाहने तिथे एकाच वाटेवर येत, आणि शनिवारी लोणावळ्याला निघालेल्या कुटुंबाला घाटात दोन दोन तास बसावे लागे, ते त्यामुळेच. राहिलेला तो तुकडा, म्हणजे खोपोली ते कुसगाव 'मिसिंग लिंक', २०१९ साली हाती घेतला तेव्हा त्याचा खर्च ६,६९५ कोटी होता. तेरा-साडेतेरा किलोमीटरसाठी आख्ख्या ९४ किलोमीटरच्या चौपट! रुपया तेव्हाचा आणि आताचा एक नव्हे, बोगदे आणि दरीवरचा पूल स्वस्तात होत नाहीत, हे बँकवाल्याला कुणी सांगायला नको. तरीही बाजूला ठेवलेले काम व्याजासकट परत येते, हा हिशेब तिथे दिसतो.

पवनेच्या बंद जलवाहिनीचा हिशेब मात्र रुपयांत मांडता येत नाही. धरणातून निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर नळ टाकून पिंपरी-चिंचवडला पाणी न्यायचे, अशी सुमारे ४०० कोटींची ही योजना २००८ साली सुरू झाली. आज पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि वाटेत काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारी त्यावर चालतात. पाणी नळात गेल्यावर आमच्या मोटारींनी काय ओढायचे, हा त्यांचा सवाल. धरणग्रस्तांचे पुनर्वसन तर आधीपासूनच अर्धवट. नळाचा व्यास, खोदाई, जोडणी यांचा दर ठरला, पण या सवालाला कलम नव्हते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला. तिघे गेले, त्यांत एक बाई होती. काम थांबले ते थांबलेच.

२०२३ साली शासनाने स्थगिती उठवली आणि मावळात पुन्हा विरोध सुरू झाला. शहराची तहान खरी आहे, माझ्याही घरी नळ आहे. पण या कामाचे पुढचे अंदाजपत्रक कुणी हातात दिले, तर मी नळाचा दर पाहणार नाही. वैशाखात नदीत किती पाणी सोडणार आणि ते कोण मोजणार, हे लिहिलेले पान आधी शोधीन.